लग्नाचे चित्र : आहेर की काम?

मीरा-भाईंदर रस्त्यालगतच्या सिल्व्हर पार्कसारख्या वसाहतीत घराचे दार उघडले, की दिवाणखान्याच्या भिंतीवर लग्नाचा फोटो बहुधा दिसतोच. मुंडावळ्या बांधलेले दोघे, गळ्यात हार, मागे सभागृहाची रोषणाई. अलीकडे अशा फोटोंची संख्या इतकी वाढली आहे, की एका लग्नाचे हजारभर फोटो संगणकात पडून राहतात आणि भिंतीवर लावायचा कोणता, हे ठरता ठरत नाही. म्हणूनच काही जोडप्यांना हाताने रंगवलेले एकच चित्र हवेसे वाटते. मित्रमंडळीत कोणी कलाशाळेत शिकलेला असला, तर मागणी सरळ त्याच्याकडे जाते. तोही आनंदाने होकार देतो. अडचणी सुरू होतात त्या या होकारानंतर.

मोबदल्याचा विषय कोणी काढत नाही, कारण मित्राकडे पैसे कसे मागायचे? तारीख ठरत नाही, कारण मुहूर्त सर्वांनाच ठाऊक असतो. चित्र केवढे, त्यात कोण कोण, दुरुस्त्या किती वेळा, हेही अध्याहृतच राहते. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण अशा वेळी अक्षरशः खरी ठरते. चित्रकार दोन महिने राबतो आणि मनात खंतावतो. जोडपे वाट पाहते आणि मनात कुढते. चित्र भिंतीवर लागते खरे, पण मित्राचे येणेजाणे कमी होते.

हे टाळण्याचा मार्ग अवघड नाही. चित्र हा लग्नाचा आहेर आहे की सांगून करवून घेतलेले काम, हे पहिल्याच दिवशी दोघांनी स्पष्ट बोलून घ्यावे. चित्राचा आकार, मुदत आणि कायदेशीर हक्क या साऱ्या गोष्टी त्या एका उत्तरावर अवलंबून असतात.

परंपरा जुनी

लग्नाच्या चित्राचा विषय निघाला, की युरोपातील एका चित्राचा उल्लेख हटकून होतो. यान व्हान आयिक या चित्रकाराने १४३४ मध्ये रंगवलेले आर्नोल्फिनी दाम्पत्याचे हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. खोलीत हात हातात घेऊन उभे असलेले दोघे आणि मागच्या भिंतीवर गोल आरसा. त्या आरशात दारातून आत येणाऱ्या आणखी दोन व्यक्ती दिसतात आणि आरशाच्या वर चित्रकाराने आपण येथे हजर होतो अशा अर्थाची सही केली आहे. कला-इतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९३४ मध्ये हे चित्र म्हणजे विवाहाचा जणू साक्षीपुरावाच होय, असे मत मांडले. पुढील अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मैत्रीच्या संदर्भात अधिक जवळचे उदाहरण हॉलंडमधील फ्रान्स हाल्स यांचे आहे. त्यांनी १६२२ च्या सुमारास रंगवलेले एका जोडप्याचे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. हे जोडपे म्हणजे रशियाशी व्यापार करणारा आयझॅक मासा व त्याची पत्नी बेआट्रिक्स असावी, असे मानले जाते. त्यांचा विवाह त्याच वर्षी झाला होता. त्या काळी नवराबायकोची चित्रे गंभीर चेहऱ्याने, बहुधा दोन वेगळ्या चौकटींत रंगवली जात. येथे मात्र दोघे एका झाडाखाली रेलून बसले आहेत आणि चक्क हसत आहेत. पुढल्याच वर्षी, १६२३ मध्ये, हाल्स यांच्या मुलीच्या नामसंस्काराला मासा साक्षीदार म्हणून हजर होता. चित्रकार व गिऱ्हाईक यांच्यातील हा घरोबा त्या हसण्यात उतरला असावा, असे म्हणण्यास जागा आहे. १६२६ मध्ये हाल्स यांनी मासाचे आणखी एक व्यक्तिचित्र रंगवले. पहिल्या चित्राने मैत्री बिघडली नाही, याची ही पावतीच.

आपल्याकडील लग्नाच्या चित्राची परंपरा तर सिल्व्हर पार्कपासून दूर नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात वारली समाजाच्या घरी लग्न निघाले, की भिंतीवर लग्नचौक लिहिला जातो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचे टोक चावून केलेला कुंचला एवढीच सामग्री. चौकात पालघाट देवी असते. हे काम परंपरेने सवासिनींचे, म्हणजे गावातल्याच शेजारणींचे. या चित्रात वधूवरांचा चेहरा ओळखू येत नाही, तशी अपेक्षाही नसते. मात्र चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. पुढे हीच शैली कागदावर आणून जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

चेहरा ओळखू येईल असे व्यक्तिचित्र महाराष्ट्रात रुजले ते एकोणिसाव्या शतकात. १८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली आणि समोर माणूस बसवून तैलरंगात त्याचे हुबेहूब चित्र काढण्याचे शिक्षण मिळू लागले. त्याच शतकात राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या राजघराण्याची व्यक्तिचित्रे रंगवली. कोल्हापुरात जन्मलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. संस्थानिक, शेठ, वकील, डॉक्टर अशा मंडळींनी करवून घेतलेल्या व्यक्तिचित्रांवर त्या काळच्या अनेक चित्रकारांचा चरितार्थ चालत असे.

ओळखीचा चेहरा

गंमत अशी, की महाराष्ट्रात घडलेली काही गाजलेली व्यक्तिचित्रे परक्या गिऱ्हाइकांची नसून घरच्या माणसांची आहेत. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते रविवर्मांचे समजतात. १९४० च्या दशकातील त्या चित्रासाठी हळदणकरांची मुलगी दिवा हाती धरून उभी राहिली होती. मुंबईचे चित्रकार वासुदेव कामत यांना अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर ग्रँड प्राइझ २००६ मध्ये मिळाले, ते पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. परिचय हे व्यक्तिचित्रकाराचे मोठे भांडवल आहे. मित्र बोलताना मान कोणत्या बाजूला कलवतो, हसू येण्याआधी त्याच्या डोळ्यांशी काय होते, कॅमेरा समोर आला की तो कसा अवघडतो, हे मित्राला न सांगता ठाऊक असते. अनोळखी चित्रकाराला त्यासाठी दोन-तीन बैठका खर्ची घालाव्या लागतात. अडचण असते ती दुसऱ्या जोडीदाराची. वर मित्र असेल, तर वधू अनेकदा चित्रकाराला नवखी असते. अशा वेळी चित्रात एक चेहरा जिवंत आणि दुसरा फोटोवरून उतरवलेला, असा भेद सहज दिसून येतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जो कमी ओळखीचा आहे त्याच्यासोबत जास्त वेळ घालवावा. चहाला बसावे, बोलत बोलत लहान वहीत पेन्सिलीने रेखाटने करावीत. दहा-बारा रेखाटनांनंतर हातालाच तो चेहरा कळू लागतो.

बैठक आणि फोटो

लग्नाच्या गडबडीत वधूवरांना तासन् तास बसवणे शक्य नसते. त्यामुळे फोटोचा आधार घ्यावाच लागतो आणि त्यात कमीपणाही नाही. रविवर्माही छायाचित्रांचा उपयोग करीत असत. मात्र फोटो कोणता, याला महत्त्व आहे. लग्नातील बहुतेक फोटो फ्लॅशच्या झोतात काढलेले असतात. त्या झोतात चेहऱ्यावरील सावल्या पुसल्या जातात. नाक, गाल, हनुवटी यांची घडण सावलीनेच कळते, तेव्हा असा फोटो चित्रकाराच्या फारसा कामाचा नसतो. मोबाइलने अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, कारण अंतर कमी असले की पुढचा भाग फुगतो.

त्यापेक्षा लग्नापूर्वी एखाद्या सकाळी दोघांना खिडकीजवळ बसवून, एका बाजूने येणाऱ्या उजेडात, सात-आठ फुटांवरून चित्रकारानेच फोटो काढावेत. दोघांवर उजेड एकाच दिशेचा हवा. शालू, शेला, फेटा, दागिने हे सारे नंतर वेगळे पाहून रंगवता येते, पण दोन वेगवेगळ्या फोटोंमधील दोन वेगळे उजेड एका चित्रात जुळवणे अनुभवी हातालाही कठीण जाते. शक्य असल्यास चेहरे पूर्ण होत आले असता दोघांची तासाभराची एक तरी बैठक घ्यावी. त्वचेचा खरा रंग फोटोत नसतो, समोरच्या माणसातच असतो.

हयात नसलेल्या आईला किंवा आजीला चित्रात घेण्याची विनंतीही कधी कधी होते. फोटोला जे साधत नाही ते चित्राला साधते, हे खरे. पण हाती असतो तो बहुधा जुना, छोटा, कृष्णधवल फोटो. त्यातील उजेडाची दिशा पाहून मगच वधूवरांना बसवावे लागते. म्हणजे ही विनंती पहिल्या दिवशी झाली तरच पार पडू शकते. चित्र अर्धे झाल्यावर ती करणे कोणाच्याच हिताचे नाही.

आकार, रंग आणि पाऊस

दोन व्यक्तींचे कमरेपर्यंतचे चित्र साधारण तीस बाय चाळीस इंचांच्या कॅनव्हासवर नीट बसते. त्यात चेहरे प्रत्यक्षापेक्षा किंचित लहान येतात. त्याहून मोठे चित्र भव्य दिसते, पण ते टांगण्यास भिंत आणि पाहण्यास समोर अंतर लागते. सदनिकेच्या दिवाणखान्यात पाहणारा चित्रापासून आठ-दहा फुटांपलीकडे जाऊ शकत नाही. कॅनव्हास ताणण्यापूर्वी भिंत मोजावी आणि चौकटीसह चित्र लिफ्टमध्ये मावेल का, हेही पाहून घ्यावे.

माध्यमाची निवड करताना पंचांग पाहणे आवश्यक आहे. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. मार्गशीर्षातील लग्नासाठी चित्र हवे असेल, तर ते श्रावण ते आश्विन या काळात रंगवावे लागते. तैलरंग पाण्याच्या रंगांप्रमाणे उडून वाळत नाहीत. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. दमट आणि ढगाळ दिवसांत ही क्रिया रेंगाळते. उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला समुद्र असलेल्या मीरा-भाईंदरच्या हवेत पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरण्याचीही भीती असते. चित्र भिंतीला टेकवून ठेवू नये. मागून वारा खेळेल असे उभे करावे.

तैलरंगाचा मुख्य नियम असा, की खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे असावेत. हा क्रम उलटला किंवा खालचा थर ओला असताना वरचा घाईने दिला, तर काही काळाने चित्राला भेगा पडतात. अखेरचे वार्निश तर चित्र पूर्ण झाल्यावर सहा महिने ते वर्षभराने द्यायचे असते. म्हणजे लग्नाच्या दिवशी मिळालेले तैलचित्र वार्निशसाठी पुन्हा एकदा चित्रकाराच्या हाती जाणार, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरावे. मुदत अगदीच कमी असेल तर ॲक्रिलिक रंग बरे. ते काही मिनिटांत वाळतात. मात्र त्याच कारणाने चेहऱ्यावरील मऊ छटा त्यात मिसळणे अवघड होते.

दागिन्यांबाबत एक सूचना. पैठणीची जर किंवा ठुशीचा प्रत्येक मणी मोजून रंगवण्याच्या नादात चेहऱ्यावरचे लक्ष उडते. सोने सोनेरी रंगाने दिसत नाही. यलो ऑकर, गडद तपकिरी आणि नेमक्या जागी ठेवलेला उजेडाचा बारीक ठिपका यांनी ते दिसते.

गोरेपणाचा आग्रह

मैत्रीची खरी परीक्षा होते ती वेगळ्याच जागी. चित्र पाहायला आलेली वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, “मुलीला जरा उजळ करा.” वधू सावळी असेल तर हा आग्रह अधिकच होतो. कोणी वराचे पोट कमी करायला सांगतो, कोणी गालावरचा व्रण पुसायला सांगतो. फोटो स्टुडिओत ही कामे वर्षानुवर्षे होत आली आहेत, त्यामुळे सांगणाऱ्याला त्यात गैर वाटत नाही.

चित्रकलेच्या दृष्टीने यात तोटाच आहे. सावळ्या त्वचेत रंगांची श्रीमंती असते. बर्न्ट सिएना, ऑकर, थोडा निळा, कपाळावर आकाशाचा थंड उजेड, हळदीच्या दिवसाची पिवळी झाक, हिरव्या चुड्याचे हातावर पडलेले प्रतिबिंब. पांढरा मिसळून हा रंग उजळला, की त्वचा खडूसारखी दिसू लागते आणि चेहऱ्याची घडण सपाट होते. त्याहून मोठा प्रश्न असा, की वीस वर्षांनी त्या चित्राकडे पाहताना त्या स्त्रीला स्वतःऐवजी कोणी दुसरीच दिसावी काय? जे चित्र आयुष्यभर समोर राहणार, त्यात आपण आहोत तशा कोणाला चाललो नाही, एवढेच तिला रोज दिसत राहील. परक्या चित्रकाराला गिऱ्हाइकापुढे गप्प बसावे लागते. मित्राला बोलता येते आणि त्याने बोलावे. मात्र हा निर्णय पाहुण्यांच्या बैठकीत होऊ नये. ज्यांचे चित्र आहे त्या दोघांना, विशेषतः वधूला, आधीच विचारून घ्यावे आणि त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

कायदा काय म्हणतो

आहेर की काम, या प्रश्नाला कायद्यातही अर्थ आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन व्यक्तिचित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक चित्र काढवून घेणारा असतो. म्हणजे मित्राने पैसे घेतले, तर त्या चित्राच्या प्रती छापणे किंवा ते प्रसिद्ध करणे हा हक्क जोडप्याकडे जातो. चित्रकाराला आपल्या पुस्तिकेत किंवा संकेतस्थळावर ते चित्र द्यायचे असेल, तर तशी लेखी मुभा आधी घेतलेली बरी. उलट, चित्र कोणाच्या मोबदल्याविना आहेर म्हणून दिले, तर भिंतीवरील कॅनव्हास जोडप्याचा होतो, पण कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. त्याची मुदत चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे अशी असते. कॉपीराइट कोणाकडेही असला, तरी आपले नाव चित्राशी जोडले जावे आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड चित्राची होऊ नये, हा कलम ५७ मधील हक्क चित्रकाराचा राहतो.

फोटोचेही तसेच. जोडप्याने पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळा करार नसल्यास, त्यांचाच असतो. पण छायाचित्रकाराशी झालेल्या करारात वेगळी अट असू शकते. त्याच्या फोटोवरून चित्र करायचे असेल, तर करार एकदा वाचून पाहावा.

आणखी एक बाब. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार मोबदल्याविना केलेला करार सर्वसाधारणपणे निरर्थक ठरतो. ‘फुकट काढून देतो’ या तोंडी शब्दावर कोणाला कायदेशीर हक्क सांगता येत नाही. तो शब्द मैत्रीच्याच जोरावर टिकतो.

एका कागदावर

समजा, सिल्व्हर पार्कमधील एखाद्या चित्रकाराकडे मित्राने अशी मागणी केली. काम म्हणून ते स्वीकारायचे असेल, तर एका साध्या कागदावर सहा-सात ओळी पुरेत. चित्राचा आकार व माध्यम, त्यात कोण असणार, बैठका किती, कच्चे रेखाटन दाखवण्याची तारीख, त्यानंतर दुरुस्त्या किती वेळा, चित्र देण्याची तारीख, एकूण रक्कम आणि ती किती हप्त्यांत. रक्कम ठरवताना कॅनव्हास, रंग, चौकट यांचा खर्च वेगळा दाखवावा आणि कामाचे दिवस वेगळे. मित्र म्हणून सवलत द्यायची असेल, तर पूर्ण रक्कम लिहून त्यातून ती वजा करावी. म्हणजे काय दिले गेले, हे घेणाऱ्याला कळते आणि पुढे दुसरा मित्र त्याच दरात चित्र मागायला येत नाही.

आहेर म्हणून द्यायचे असेल, तर तसे स्पष्ट सांगून टाकावे. मग आकार आणि रचना चित्रकार ठरवील, दुरुस्त्यांचा आग्रह धरता येणार नाही आणि तारीख थोडी पुढेमागे झाली तर ती समजून घ्यावी लागेल. मधला मार्गही आहे. साहित्याचा खर्च मित्रमंडळींनी वर्गणी काढून द्यावा आणि श्रम चित्रकाराचा आहेर व्हावा. मात्र खर्चाच्या या पैशालाही मोबदला म्हणता येईल का, असा प्रश्न पुढे उभा राहू नये म्हणून कॉपीराइट कोणाचा, ते या प्रकारात लिहूनच ठेवावे.

चित्र सुपूर्द करताना कॅनव्हासच्या पाठीमागे दोघांची नावे, लग्नाची तारीख, माध्यम आणि चित्रकाराची सही लिहावी. ते बाहेरच्या, पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नये. थेट ऊन लागेल अशी जागाही टाळावी आणि वर्षातून एकदा मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी. वार्निशची वेळ आली, की चित्रकाराला बोलावून घ्यावे. तोपर्यंत लग्नाला सहा महिने ते वर्ष झालेले असते. व्यवहार चोख झाला असेल, तर तो त्या दिवशी संकोच न बाळगता दाराची घंटा वाजवतो आणि जेवूनच परत जातो.